कासवाचे पाय आणि ‘थांब’ म्हणणाऱ्या पेशी

॥ श्री ज्ञानेश्वर माउली समर्थ ॥

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५८



स्थितप्रज्ञाच्या लक्षणांमध्ये आज आपण कासवाच्या श्लोकापाशी आलो आहोत. कासव पाय, मान, सगळं चहूबाजूंनी कवचात घेतं. तशी ज्याला आपली इंद्रियं विषयांवरून मागे घेता येतात, त्याची बुद्धी ठाम बसली असं समजावं, असा या श्लोकाचा आशय.

हा श्लोक वाचला की एक शंका हमखास येते. संयम म्हणजे शेवटी दाबणंच ना? राग आला, गिळा. बोलावंसं वाटलं, गप्प बसा. खावंसं वाटलं, हात मागे घ्या. असं आयुष्यभर आत आत ओढत राहिलं तर माणूस कवचातच राहायचा, मग तो जगणार कधी? त्यात हल्ली सगळीकडून उलटाच सल्ला ऐकू येतो, की मोकळे व्हा, आत काही ठेवू नका. मग खरा मोकळा कोण? आवरणारा की न आवरणारा?

या प्रश्नावर विचार करताना मला आपल्या शरीरातलीच एक गोष्ट फार उपयोगी पडली. आपल्या चेतापेशी एकमेकींना ‘चल’ असं सांगतात हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण त्या एकमेकींना ‘थांब’ असंही सांगतात, आणि त्या ‘थांब’वाचून आपल्याला एक पाऊलही धड टाकता येणार नाही. आज ते जरा सविस्तर बघू.

एक बातमी, दोन निरोप

डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली छोटी हातोडी मारतात आणि पाय झटकन पुढे उडतो. हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं आहे. मांडीचा पुढचा स्नायू आखडतो म्हणून पाय उडतो. पण मांडीला मागेही स्नायू आहेत आणि ते पाय उलट्या दिशेला ओढतात. दोन्हीकडून एकदम ओढ लागली तर पायाचा दांडका होईल, हलणार नाही.

म्हणून हातोडीची बातमी मेरुरज्जूत पोचली की तिला दोन फाटे फुटतात. एक फाटा पुढच्या स्नायूच्या पेशीला थेट सांगतो, ‘चल’. दुसरा फाटा मधल्या एका छोट्या पेशीला जागं करतो आणि ती पेशी मागच्या स्नायूच्या पेशीला सांगते, ‘तू आत्ता थांब’. बातमी एकच, निरोप दोन. चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने स्नायूंच्या या जोडीचा अनेक वर्षं अभ्यास केला. १९३२ साली एडगर एड्रियन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा त्यांनी नोबेल व्याख्यानासाठी हाच विषय घेतला, की शरीराच्या हालचालींत मेळ घालण्याचं काम हे ‘थांब’ करतं.

म्हणजे ‘थांब’ हा निरोप हालचालीच्या विरोधात नाही. तो हालचालीचाच अर्धा भाग आहे.

‘थांब’ कसं म्हटलं जातं

चेतापेशी शांत असते तेव्हा तिच्या आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने कमी असतो, म्हणजे उणे ७० म्हणा. ‘चल’ म्हणणारे निरोप आले की सोडियमसारखे धन भाराचे कण आत येतात आणि हा आकडा वर सरकू लागतो. साधारण उणे ५५ च्या आसपास पोचला की पेशी पेट घेते आणि पुढच्या पेशीकडे संदेश सोडते.

‘थांब’ म्हणणारी पेशी वेगळं रसायन सोडते. मेंदूत ते बहुतेक ठिकाणी ‘गाबा’ असतं, मेरुरज्जूत ‘ग्लायसिन’चा वाटा मोठा असतो. हे रसायन समोरच्या पेशीवरच्या ठरावीक दारांना लागलं की ती दारं उघडतात आणि क्लोराइडचे ऋण भाराचे कण आत येतात. आकडा खाली जातो किंवा आहे तिथेच धरून ठेवला जातो. आकडा हलला नाही तरी काम होतंच. दारं उघडी असताना आलेला ‘चल’ वाहून जातो, तळाला भोक असलेल्या बादलीत नळ सोडल्यासारखा.

एकेका पेशीच्या कानावर असे हजारो निरोप पडत असतात. काही ‘चल’, काही ‘थांब’. ती सगळ्यांची बेरीज-वजाबाकी करते आणि मग काय ते ठरतं.

यातल्या तीन गोष्टी मला चिंतनासाठी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट, थांबवणं हे काम आहे. ‘थांब’ म्हणणारी पेशी झोपलेली नसते, ती स्वतः चेतलेली असते. जागी झाल्याशिवाय तिला कोणाला थांबवताच येत नाही. आपण मात्र संयमाला काही न करणं समजतो. एखादा माणूस उलट उत्तर न देता ऐकून घेतो, तेव्हा बाहेरून वाटतं की त्याने काहीच केलं नाही. आत त्या वेळी केवढं काम चाललेलं असतं ते त्याचं त्यालाच माहीत.

दुसरी गोष्ट, हा ‘थांब’ कायमचा नसतो. काही मिलिसेकंदांत त्याचा जोर ओसरतो आणि पेशी पुन्हा मोकळी होते. तो पेशीला मारत नाही, शिक्षा करत नाही, तिची निंदाही करत नाही. फक्त म्हणतो, ‘आत्ता नको’.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. मेंदूत ‘चल’ म्हणणारं मुख्य रसायन ग्लुटामेट. आणि ‘थांब’ म्हणणारं गाबा बनतं कशापासून? त्याच ग्लुटामेटपासून! एक एन्झाइम बी-६ जीवनसत्त्वाच्या मदतीने ग्लुटामेटमधून कार्बन डायऑक्साइडचा एक तुकडा काढून घेतं, आणि पेटवणाऱ्या द्रव्याचं शांत करणारं द्रव्य होतं. आवरायची शक्ती कुठून बाहेरून आणावी लागत नाही. ज्या मालातून ओढ तयार होते, त्याच मालातून आवर तयार होतो.

‘थांब’ नाहीसा झाला तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा हे ‘थांब’ काढूनच टाकले. कोणी कोणाला अडवायचं नाही, सगळं मोकळं. काय होईल? हे कल्पनेने शोधायची गरज नाही, कारण एका आजारात नेमकं हेच होतं. तो आजार म्हणजे धनुर्वात.

धनुर्वाताचं विष जखमेतून शिरतं, चेतातंतूंच्या आतून उलटं चढत मेरुरज्जूत पोचतं आणि तिथल्या थांबवणाऱ्या पेशींमध्ये जातं. त्या पेशींना आपलं रसायन बाहेर सोडण्यासाठी एक प्रथिन लागतं. विष ते प्रथिनच तोडून टाकतं. लक्षात घ्या, हे विष कोणाला ‘चल’ म्हणत नाही. ते फक्त ‘थांब’चं तोंड बंद करतं. तेवढ्याने जबडा घट्ट मिटतो, साध्या आवाजाने किंवा स्पर्शाने झटके येतात, पाठीचे दणकट स्नायू बाकीच्यांवर मात करतात आणि शरीर कमानीसारखं वाकतं. म्हणून आपल्या लोकांनी नाव ठेवलं धनुर्वात. माणूस शुद्धीवर असतो, त्याला सगळं कळत असतं, पण एकही हालचाल त्याची स्वतःची राहत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या कोकणातल्या काजऱ्याचं, म्हणजे कुचल्याचं. त्याच्या बियांमध्ये स्ट्रिक्नीन हे विष असतं. इथे थांबवणारी पेशी आपलं ग्लायसिन सोडते, निरोप निघतो. पण समोरच्या पेशीवर जिथे तो पोचायचा, ती जागा विषाने अडवलेली असते. परिणाम साधारण तोच, तसेच भयंकर झटके.

म्हणजे बिघाड दोन प्रकारचा. एकात ‘थांब’ म्हटलंच जात नाही. दुसऱ्यात म्हटलं जातं, पण ऐकलं जात नाही. आपल्या मनाचंही असंच होत नाही का? कधी विवेक बोलतच नाही. आणि कधी चांगला खणखणीत बोलतो, तरी आपण ते करूनच बसतो. तिसऱ्या अध्यायात अर्जुन हाच दुसरा प्रश्न विचारतो. इच्छा नसतानाही, कोणीतरी बळजबरीने ढकलावं तसा माणूस पापाकडे का जातो? त्याला काय चुकीचं ते माहीत नाही अशातला भाग नाही. निरोप निघालेला आहे, पोचत नाही.

तेव्हा ‘मी मनात येईल ते बोलतो, मी असाच आहे, मोकळा’ असं कोणी अभिमानाने सांगतं, तेव्हा विचारावंसं वाटतं की बाबा, हा मोकळेपणा आहे की झटका? मोकळा माणूस बोलूही शकतो आणि थांबूही शकतो. ज्याला थांबताच येत नाही, तो बोलत नाही, त्याच्याकडून बोललं जातं.

धनुष्य हातात असलेला माणूस

आता गीता कोणाला सांगितली ते आठवा. संयमाचा हा उपदेश गुहेत बसलेल्या माणसाला केलेला नाही. समोर आहे एक धनुर्धर. पहिल्या अध्यायात त्याचे हातपाय गळालेत, तोंडाला कोरड पडलीय, अंगाला कंप सुटलाय आणि गांडीव हातातून निसटतंय. अशा माणसाला भगवंत कासवाची गोष्ट सांगतात ती त्याने गप्प बसावं म्हणून? अजिबात नाही. त्याने उठावं म्हणून!

धनुष्याची दोरी ओढताना कोपर वाकतो, तेव्हा दंडाच्या मागच्या स्नायूला सैल पडावं लागतं. त्याला ‘थांब’ सांगितलं जातं म्हणून दोरी मागे येते. धनुष्य पेलायचं तर शरीरात ‘थांब’ हवा. तो गेला तर शरीराचंच धनुष्य होतं.

अर्जुनाचा मूळ प्रश्नही बघा. स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, असं तो विचारतो. म्हणजे स्थितप्रज्ञ बोलतो, बसतो, चालतो हे गृहीतच आहे. कासवाच्या श्लोकानंतर थोडं पुढे, ६४ व्या श्लोकात, भगवंत आवड-नावड सुटलेल्या आणि ताब्यात असलेल्या इंद्रियांनी विषयांमध्ये वावरणाऱ्या माणसाबद्दलच बोलतात. त्याला प्रसन्नता लाभते म्हणतात.

आणि आपल्या माउलींनी तर या श्लोकात फार सुंदर भर घातली आहे. मूळ श्लोकात कासव अवयव आत घेतं एवढंच आहे. ज्ञानेश्वरीत मात्र ते खुशीत असलं की अवयव पसरतं आणि मनात आलं की आवरून घेतं, अशी दोन्ही बाजूंची उपमा येते. पसरणंही त्याचं, आवरणंही त्याचं. माझ्या मते संयमाची व्याख्या एवढीच आहे. आत ओढलेले पाय म्हणजे संयम नव्हे. ज्याचे पाय त्याच्या म्हणण्यानुसार आत-बाहेर होतात, तो संयमी.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात नव्या मुलांना सर्व्हरवर घातलेली मर्यादा म्हणजे अडवणूक वाटते. मिनिटाला इतक्याच रिक्वेस्ट घ्यायच्या, हे काय? पण लोंढा येतो त्या दिवशी कळतं की सर्व्हर उभा आहे तो त्या मर्यादेमुळेच.

‘थांब’ कोणासाठी?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. संयम हा शब्द आपल्याकडे पुष्कळदा दुसऱ्याला गप्प करायला वापरला जातो. सुनेला सांगायचं, संयम ठेव. हाताखालच्या माणसाला सांगायचं, राग आवर. ज्याच्यावर अन्याय होतोय त्यालाच गीता ऐकवायची. हे कासवाने पाय आत घेणं नाही. हे दुसऱ्या कोणीतरी कासवाचे पाय आत कोंबणं आहे.

मग ओळखायचं कसं? मला गुडघ्याचं उदाहरण इथे कामाला येतं. मागच्या स्नायूला ‘थांब’ सांगितलं जातं ते पुढचा स्नायू हलावा म्हणून. प्रत्येक ‘थांब’च्या पोटात एक ‘चल’ आहे. तेव्हा विचारायचं, माझा हा ‘थांब’ कोणत्या ‘चल’साठी आहे? आत्ता ओरडलो नाही, ते उद्या नीट शब्दांत सांगता यावं म्हणून? मग तो संयम. आत्ता बोललो नाही आणि उद्याही, परवाही बोलणार नाही, कारण भीती वाटते किंवा दुसऱ्याची सोय व्हावी असं ठरलंय? मग तो संयम नव्हे, ती कोंडी. तिसऱ्या अध्यायातच भगवंतांनी म्हटलंय की हातपाय आवरून बसलेला, पण मनाने तेच घोळवत राहिलेला माणूस ढोंगी. आणि नुसत्या निग्रहाने काय होणार, असंही ते त्याच अध्यायात विचारतात.

याच्या दुसऱ्या टोकाला नुसतीच गुंगी आहे. दारू किंवा झोपेच्या काही गोळ्या गाबाचा परिणाम वाढवतात. तो ‘थांब’ सरसकट असतो, निवडक नसतो. म्हणून माणूस शांत न होता मंद होतो. गुणांच्या भाषेत हा तम झाला. शांतपणा आणि सुस्ती बाहेरून सारखी दिसते, आतून नसते.

स्वतःच्या मताला ‘थांब’

माणसाचं एक उदाहरण देतो, तेही याच विषयातलं. जॉन एक्ल्स हे शेरिंग्टन यांचे शिष्य. पेशींमधला निरोप रसायनाने जातो की थेट विजेने, यावर त्या काळी मोठा वाद होता आणि एक्ल्स विजेच्या बाजूने वर्षानुवर्षं भांडले. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांची न्यूझीलंडमध्ये गाठ पडली, तेव्हा त्यांच्याकडून ते एक गोष्ट शिकले. आपलं मत इतकं नेमकं मांडावं की चूक असेल तर ते चूक ठरू शकेल. १९५१ साली न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या मेरुरज्जूतल्या एका पेशीच्या आत बारीक सुई घालून हा ‘थांब’ मोजला. आकडा त्यांच्या सिद्धांताच्या बरोबर उलट दिशेला गेला. एक्ल्स यांनी सिद्धांत सोडला आणि रसायनाची बाजू घेतली. पुढे १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी.

कासवाच्या श्लोकात शेवटी इंद्रियं नाहीत, प्रज्ञा आहे. जिभेला आवरणं कठीण, पण स्वतःच्या लाडक्या मताला ‘थांब’ म्हणणं त्याहून कठीण. आणि तो ‘थांब’ बघा, त्याने विज्ञान अडलं नाही, पुढे सरकलं.

एक सावधानता

हे सगळं वाचून कृपया ‘गीतेत न्यूरॉन आधीच सांगितलेले आहेत’ असा मेसेज फिरवू नका. नाहीत सांगितलेले. क्लोराइडच्या कणाला पाप-पुण्य कळत नाही, आणि गाबा वाढला म्हणून कोणी साधू होत नाही. फिट येणारा किंवा धनुर्वात झालेला माणूस संयमात कमी पडला असंही नाही. त्याला औषध हवं, उपदेश नको. पेशीचा ‘थांब’ आपोआप होतो, माझा मला म्हणावा लागतो. हा फरक पुसला तर गीतेची गरजच उरत नाही. मी फक्त एवढंच घेतो, की ज्या शरीरात मी राहतो, त्यात ‘थांब’ आणि ‘चल’ शत्रू नाहीत. मग मी त्यांना मनात शत्रू का मानावं?

आजचा सराव

मेरुरज्जूत बर्डसी रेनशॉ या संशोधकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी आहेत. स्नायूला ‘चल’ सांगणारी पेशी आपल्या तंतूची एक छोटी फांदी या रेनशॉ पेशीकडे पाठवते, आणि रेनशॉ पेशी उलट येऊन तिलाच सांगते, ‘बास, बेताने’. कृतीतूनच कृतीचा आवर निघतो.

आज एवढंच करून बघू. बोलताना आपलं बोलणं आपल्याच कानाने ऐकायचं. एक फांदी स्वतःकडे वळवायची. आवाज चढतोय असं ऐकू आलं तर एक श्वास थांबायचं, आणि मग जे बोलायचं ते जरूर बोलायचं. सोडून द्यायचं नाही. दिवसातून एकदा जमलं तरी पुरे. मन आवरायला अवघड आहे हे सहाव्या अध्यायात भगवंतांनीही मान्य केलंय, आणि उपाय म्हणून अभ्यासाचं नाव वैराग्याच्या आधी घेतलंय.

उद्या ५९ वा श्लोक. विषय सुटले तरी त्यांची गोडी का सुटत नाही, ते बघू.

राम कृष्ण हरी.
॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥